काच फुटल्याचं ऐकणारा सेन्सर: ‘वायरलेस’ची काळजी नंतर करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तळमजल्यावरचं घर. हॉलमध्ये मोठी सरकती काच, दोन बेडरूमना एकेक खिडकी, स्वयंपाकघरात एक आणि बाथरूमला लूव्हरची, म्हणजे आडव्या काचपट्ट्यांची, छोटी खिडकी. हॉलमध्ये आणि एका बेडरूममध्ये जुने वायरचे ग्लास ब्रेक सेन्सर आहेत. उरलेल्या ठिकाणी भिंती न फोडता वायरलेस बसवायचे आहेत. पण कुणी सांगतं, भांडं पडलं तरी ते कोकलतात. कुणी सांगतं, खरोखर काच फुटली तेव्हा ढिम्म गप्प राहिले. मग वायरलेसवर विसंबावं की नाही? आणि जुन्यांचं काय करावं?

मी अलार्म बसवण्याच्या कामात सतराएक वर्षं आहे. आधी वायरी ओढायचो, आता बहुतेक काम वायरलेसचंच असतं. माझं म्हणणं असं की विसंबायला हरकत नाही, पण तुम्ही ज्या शब्दाला घाबरताय त्या ‘वायरलेस’मुळे हे सेन्सर फसल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. ते फसतात ऐकण्यात. ऐकलंच नाही तर रेडिओ पाठवणार काय? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! म्हणून या उत्तरातला मोठा भाग कानाबद्दल आहे. रेडिओचं नंतर बघू.

आधी एक गोंधळ निस्तरतो. ‘ग्लास ब्रेक सेन्सर’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक थेट काचेला चिकटवायची. काचेत उठलेला धक्का ती टिपते. तिला आवाजाशी घेणंदेणं नाही, आणि ती फक्त त्याच तावदानापुरती. सरकत्या दाराला दोन काचा असतील तर दोन लागतात. दुसरी वस्तू भिंतीवर किंवा छताला लावायची. तिच्यात मायक्रोफोन असतो आणि एकच सेन्सर खोलीतल्या सगळ्या काचांवर कान ठेवतो. युरोपच्या ईएन ५०१३१ या मानकमालिकेतही या दोन जातींना वेगवेगळे भाग दिलेले आहेत: २-७-१ आवाजावर चालणाऱ्यांसाठी, २-७-२ काचेवर बसून कंप टिपणाऱ्यांसाठी. लोक एका जातीचा अनुभव दुसरीच्या नावावर खपवतात आणि मग ‘हे असले सेन्सर बेभरवशाचेच’ असं ठरतं. विशेषतः चिकटवायचे स्वस्तातले ठोकळे, ज्यांच्यात छोटा सायरन असतो आणि पॅनेलशी, म्हणजे सगळ्या सेन्सरचे निरोप घेणाऱ्या अलार्मच्या मुख्य पेटीशी, संपर्कच नसतो, ते जड ट्रक गेला किंवा वाऱ्याने खिडकी खडखडली तरी बोंबलतात. त्यांच्यावरून बाकीच्यांची परीक्षा करू नका.

इथून पुढे मी मुख्यतः ऐकणाऱ्या जातीबद्दल बोलतोय.

काच फुटते तेव्हा आवाज एक नसतो, दोन असतात. फटका बसला की तावदान आधी वाकतं. या वाकण्यातून हवेत दाबाची जाडसर लाट निघते, खालच्या पट्टीचा ‘धप्प’ असा ठोका, साधारण दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचा. लगेच काच तडकते. तडा काचेतून सेकंदाला दीड हजार मीटरच्या आसपास वेगाने धावतो, तुकडे होतात, आणि मग तो ओळखीचा खळ्ळकन आवाज येतो, काही हजार हर्ट्झचा, तीक्ष्ण आणि पसरट. चांगला सेन्सर या दोन्हींची वाट पाहतो: आधी ठोका, मग खळखळाट, आणि दोन्हींच्या मधलं अंतर सेकंदाच्या छोट्याशा भागाएवढंच. क्रम उलटा असेल किंवा दोनांपैकी एक गैरहजर असेल तर तो कानावर पडूनही दुर्लक्ष करतो.

एवढं लक्षात आलं की बऱ्याच तक्रारींचा उलगडा आपोआप होतो. किल्ल्यांचा जुडगा फरशीवर पडला: खळखळाट आहे, ठोका नाही, म्हणून सेन्सर गप्प. दार धाडकन आपटलं: ठोका आहे, खळखळाट नाही. गडगडाटाचंही तेच. पण स्टीलचं मोठं भांडं ओट्यावरून खाली आलं तर? ते जमिनीवर आदळतं तो ठोका, आणि आदळून थरथरत राहतं तो तीक्ष्ण आवाज, तोही त्याच क्रमाने. बिचाऱ्या सेन्सरचा काय दोष! हा योगायोग ज्या खोलीत रोज घडू शकतो तिथे ऐकणारा सेन्सर लावू नये. टाइल्स लावलेल्या छोट्या खोल्यांतही नको, कारण गुळगुळीत भिंतींवरून तीक्ष्ण आवाज उड्या मारत राहतो आणि साधी बादली सरकवली तरी तिला काचेचा सूर येतो. कर्कश ओरडणारा पाळीव पोपट हाही एक प्रकार आहे. मी एका घरी तीन वेळा सेन्सर बदलला आणि चौथ्या भेटीत पिंजऱ्याची जागा बदलली. त्यानंतर फोन आला नाही.

खोटा अलार्म आणि हुकलेला अलार्म ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत. सेन्सिटिव्हिटी वाढवली की पहिला वाढतो, कमी केली की दुसरा. बहुतेक सेन्सरमध्ये यासाठी एक छोटा स्विच किंवा अ‍ॅपमध्ये दोन-तीन पायऱ्या असतात. माझा अनुभव असा की घरमालक आठवड्याभरात दोन खोटे अलार्म सोसतो, तिसऱ्याला तो स्विच सर्वांत खालच्या पायरीवर नेतो आणि विसरून जातो. सेन्सर शांत झाल्याचं समाधान मिळतं. पण तो शांत झालाय की बहिरा, हे कुणी तपासत नाही. खोट्या अलार्मचं खरं नुकसान हेच आहे. ‘लांडगा आला रे आला’च्या गोष्टीत निदान गावकरी तरी वैतागले होते, इथे आपण स्वतःच राखणदाराच्या कानात बोळे घालतो. त्रास होत असेल तर आधी जागा बदला, सेन्सिटिव्हिटीला शेवटी हात लावा.

आता काच कोणती आहे हे बघा, कारण सगळ्या काचा सारख्या फुटत नाहीत. साधी काच मोठमोठ्या धारदार तुकड्यांत फुटते आणि सेन्सरसाठी ती सर्वांत सोपी. टफन्ड काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते, पण फुटली की एकदम हजारो बारीक दाण्यांचा सडा पडतो. तिचा आवाज आखूड आणि जास्त तीक्ष्ण असतो. आजचे चांगले सेन्सर ती ओळखतात. जाताजाता सांगतो, टफन्ड काच कधीकधी कुणी हात न लावताही आपोआप फुटते, आत निकेल सल्फाइडचा कण राहिला असेल तर. तेव्हा फटका नसतो, वाकणं नसतं, त्यामुळे सेन्सर बहुधा बोलत नाही. काच फुटलेली दिसते, अलार्मची नोंद नाही, आणि मालक म्हणतो सेन्सर खराब. तो खराब नसतो. त्याला शिकवलंय तेच तो करतो.

खरी पंचाईत लॅमिनेटेड काचेची. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो. फटका मारला की तडे जातात, पण तुकडे पापुद्र्याला धरून राहतात, खाली पडतच नाहीत. खळखळाटच नाही! अशा काचेसाठी कित्येक उत्पादक पुस्तिकेत अटच घालतात की काच आरपार फुटली तरच सेन्सरने ओळखणं अपेक्षित आहे. काचेवर सुरक्षेची फिल्म चिकटवली असेल तर परिणाम तसाच, कमीअधिक. दुहेरी काचेच्या बंद युनिटमध्ये बाहेरचीच काच फुटली आणि आतली शाबूत राहिली तर आवाज आत पुरेसा येईलच असं नाही. म्हणून खरेदीच्या आधी काचेच्या कोपऱ्यावरचा बारीक शिक्का वाचा. टफन्ड किंवा लॅमिनेटेड काचेवर तो बहुधा असतो. आणि लॅमिनेटेड काचेच्या बाबतीत चोराला आत शिरायला बराच वेळ ठोकत बसावं लागतं, हेही विसरू नका. तिथे काच स्वतःच निम्मी राखण करते.

तावदानाच्या आकारालाही खालची मर्यादा असते. बऱ्याच सेन्सरच्या पुस्तिकेत ती ११ इंच गुणिले ११ इंच, म्हणजे साधारण २८ सेंटिमीटर अशी दिलेली असते. त्याहून छोटं तावदान पुरेसं वाकत नाही, ठोका दुबळा निघतो. दाराच्या कडेच्या चिंचोळ्या काचा आणि छोट्या चौकटींच्या जुन्या खिडक्या इथेच निसटतात. छोट्या काचेतून माणूस शिरत नाही हे खरं, पण हात शिरतो आणि आतली कडी निघते.

अंतराबद्दल. पाकिटावर २५ फूट, म्हणजे साडेसात मीटर, असं काहीतरी छापलेलं असतं. काहींवर ३० फूट. हा आकडा मोकळ्या खोलीचा, सेन्सरला काच समोर दिसत असतानाचा. मी तो कधीच पूर्ण वापरत नाही. १५ ते १८ फुटांवर थांबतो. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाजाची पातळी सहा डेसिबलने घटते, हा एक भाग. दुसरा भाग पडद्याचा, आणि तो जास्त महत्त्वाचा. जाड पडदा खालच्या पट्टीचा ठोका बराचसा जाऊ देतो, पण वरच्या पट्टीचा खळखळाट पिऊन टाकतो. मग सेन्सरला ठोका ऐकू येतो, खळखळाट येत नाही, आणि तो मनाशी म्हणतो, दार आपटलं असेल.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका घरी हॉलमध्ये सेन्सर बसवला, सिम्युलेटरने, म्हणजे काच फुटल्याचा आवाज काढणाऱ्या हातातल्या यंत्राने, तपासला, दिवा लागला, सही घेतली, निघालो. चार महिन्यांनी तिथे काच फोडून चोर आत आला आणि सेन्सरने हूं की चूं केलं नाही. मी जाऊन पुन्हा तपासला, तर व्यवस्थित चालला! उत्पादकाला नावं ठेवत बसलो होतो. मग घरातल्या आजी म्हणाल्या, ‘अहो, पण रात्री आम्ही पडदे लावतो.’ मी पाहिलं ते दिवसाचं, पडदे बाजूला सारलेलं घर होतं. पडदा ओढून, सिम्युलेटर पडद्यामागे काचेजवळ धरला, आणि सेन्सर गप्प. जाड अस्तराचे, जमिनीपर्यंतचे पडदे होते ते. तेव्हापासून माझा नियम एकच आहे: चाचणी चोराच्या वेळेची करायची, आपल्या सोयीच्या वेळेची नाही. पडदे ओढलेले, आतली दारं रात्री जशी असतात तशी, पंखा किंवा एसी चालू.

जाड पडदे असतील तर दोन मार्ग. सेन्सर पडद्याच्या आत, खिडकीच्या चौकटीजवळ लावायचा. उत्पादक तशी परवानगी देत असेल तर. किंवा मग तिथे काचेला चिकटणारा सेन्सर वापरायचा, त्याला पडद्याशी देणंघेणं नाही. बाकी वेळी सेन्सर काचेच्या समोरच्या भिंतीवर किंवा छतावर हवा, काच त्याला सरळ दिसली पाहिजे. काच ज्या भिंतीत आहे त्याच भिंतीवर लावणं मी टाळतो, कारण तीक्ष्ण आवाज समोरच्या दिशेला जास्त जातो. एसीच्या झोताजवळ नको, घंटा किंवा सायरनला खेटून नको, पुस्तकांच्या कपाटामागे तर अजिबात नको. एका खोलीतला सेन्सर दुसऱ्या खोलीची काच ऐकेल अशी आशा धरू नका; मधलं दार उघडं असताना ऐकेलही, पण रात्री ते बंद असतं.

आता वायरलेसकडे वळतो. वायर नसल्याने सेन्सरला दोन गोष्टी स्वतः पुरवाव्या लागतात, वीज आणि संदेश. यांतली वीज जास्त नाजूक. दार उघडल्याचं टिपणाऱ्या चुंबकी कॉन्टॅक्टचं काम सोपं असतं, दार हलेपर्यंत तो झोपलेला. ऐकणाऱ्या सेन्सरला मात्र चोवीस तास कान उघडे ठेवावे लागतात. आवाजाचं सगळं विश्लेषण सतत करत बसला तर बॅटरी लवकर संपेल, म्हणून बहुतेक रचनांत एक अर्धजागा टप्पा असतो: मायक्रोफोन आणि अगदी कमी वीज खाणारं सर्किट फक्त ‘काहीतरी मोठं झालं का’ एवढं बघतं, आणि तसं झालं की मग मुख्य प्रोसेसर जागा होऊन आवाज तपासतो. याचा एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. गोंगाटाच्या खोलीतला सेन्सर पुन्हापुन्हा जागा होतो आणि त्याची बॅटरी शेजारच्या खोलीतल्यापेक्षा लवकर उतरते. पाकिटावर पाच वर्षं लिहिलेली असतात ती शांत खोलीतली.

बॅटरी बहुधा सीआर१२३ए जातीची, तीन व्होल्टची लिथियम असते. हिचा गुण असा की शेवटपर्यंत व्होल्टेज जवळजवळ सपाट राहतं. दुर्गुणही तोच: पडायला लागलं की एकदम पडतं. ‘लो बॅटरी’चा इशारा आला की पुढच्या सुट्टीची वाट पाहू नका. रिचार्जेबल सेल घालून काटकसर करू नका, त्यांचं व्होल्टेज वेगळं असतं. आणि एकाच वेळी बसवलेल्या चारांपैकी एकाची संपली तर बाकी तिघांच्याही बदलून टाका. नाहीतर पुढचे काही महिने शिडी घेऊन फेऱ्या मारत राहाल.

रेडिओचं गणित तुलनेने सोपं आहे. प्रदेशानुसार हे सेन्सर ४३३, ८६८ किंवा ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, अमेरिकेत ३१९.५ आणि ३४५ मेगाहर्ट्झचेही खूप आहेत. पॅनेल आणि सेन्सर एकाच भाषेतले, आणि तुमच्याकडे चालणाऱ्या पट्ट्यातले असले पाहिजेत. दुसऱ्या देशातून कुणी आणून दिलेला सेन्सर इथेच अडतो. जुन्या एकमार्गी सेन्सरना पॅनेलने ऐकलं की नाही हे कळतच नाही, म्हणून ते एकच निरोप लागोपाठ अनेकदा ओरडून सांगतात. नव्या दुमार्गी प्रणालींत पॅनेल पोच देतं, आणि पोच मिळाली नाही तर सेन्सर पुन्हा पाठवतो. तुम्ही आता नव्याने घेताय, तर दुमार्गी आणि एन्क्रिप्शन असलेलीच प्रणाली घ्या. साधे, कूटबद्ध न केलेले सिग्नल ऐकता, दडपता किंवा नकली पाठवता येतात हे सुरक्षा-संशोधकांनी २०१४ मध्ये जाहीर प्रात्यक्षिकांतून दाखवलं आहे. माझ्या कामात जॅमर, म्हणजे सिग्नल दडपणारं यंत्र, घेऊन आलेला चोर मला आजवर भेटलेला नाही. दगड घेऊन आलेले बरेच. तरी चांगली पॅनेल जॅमिंग ओळखून इशारा देतात, ती सोय असेल तर चालू ठेवा.

सिग्नल अडवणाऱ्या गोष्टी ओळखीच्या आहेत: धातूची कपाटं, मोठे आरसे, फ्रिज, पत्रा, भिंतीतली फॉइल. सेन्सर बसवताना पॅनेल सिग्नलची ताकद दाखवतं. तिथेच जागा दोन हात इकडेतिकडे करून बघता येते, फारच कमी असेल तर सिग्नल पुढे पोचवणारा रिपीटर टाकता येतो. रेडिओच्या बिघाडाचा स्वभाव असा की तो पहिल्याच दिवशी तोंड दाखवतो. कानाचा बिघाड चोरीच्या दिवशी कळतो. म्हणून मला पहिल्याची भीती कमी वाटते.

एक गोष्ट मात्र नक्की बघून घ्या: सेन्सर ‘मी जिवंत आहे’ हे पॅनेलला किती वेळाने कळवतो, आणि तो गप्प झाला तर पॅनेल किती वेळाने बोलतं. काही एकमार्गी प्रणालींत ही मुदत १२ किंवा २४ तासांची ठेवलेली असते. म्हणजे सकाळी सेन्सर मेला तर तुम्हाला रात्री किंवा दुसऱ्या दिवशी कळणार, वरातीमागून घोडं. दुमार्गी प्रणालींत हे अंतर मिनिटांवर आणता येतं. बॅटरी थोडी जास्त जाते, पण जाऊ द्या.

आता एक असा बिघाड सांगतो जो ना कानाचा, ना रेडिओचा. एका घरी रात्री बेडरूमची काच फुटली, घरचे आतच झोपलेले होते, आवाजाने जागे झाले, चोर पळाला. सायरन वाजला नाही. मी पॅनेलची नोंद काढली: सेन्सरने ऐकलं होतं, निरोप पाठवला होता, पॅनेलला तो मिळालाही होता. पण ज्याने प्रोग्रॅमिंग केलं त्याने हा सेन्सर ‘आतला’ म्हणून नोंदवला होता, मोशन सेन्सरसारखा. रात्री लोक घरात असताना ‘स्टे’ मोड लावला की पॅनेल आतले सगळे सेन्सर वगळतं, कारण घरचे फिरणार असतात. त्यात हाही वगळला गेला. ग्लास ब्रेक सेन्सरचं मोठं मोल कशात आहे? चोर अजून बाहेर आहे आणि घरचे आत आहेत, तेव्हा तो बोलतो. मोशन सेन्सरला हे जमत नाही. तेच मोल एका चुकीच्या सेटिंगने शून्य झालं. त्याची नोंद ‘परिमिती’ म्हणून, म्हणजे घराच्या बाहेरच्या कडेचा सेन्सर म्हणून, हवी, स्टे आणि अवे (घर रिकामं असतानाचा) दोन्ही मोडमध्ये चालू, आणि दाराला देतो तसा तीस सेकंदांचा अवधी त्याला अजिबात नको. काच फोडून आत येणाऱ्याला कोड दाबायला वेळ द्यायचा असतो का?

चाचणीचं वर आलंच आहे, पण नीट सांगतो. टाळी वाजवून दिवा लुकलुकला की लोक खूश होतात. टाळीने एवढंच कळतं की मायक्रोफोन जिवंत आहे. मोबाइलवर काच फुटल्याचा आवाज लावूनही फारसं साधत नाही, कारण मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो खालच्या पट्टीचा ठोका निघतच नाही. यासाठी हातात धरायचा सिम्युलेटर मिळतो. शक्यतो सेन्सरच्या उत्पादकाने सांगितलेलाच वापरावा. सेन्सर टेस्ट मोडमध्ये टाकायचा, कारण नेहमीच्या मोडमध्ये चांगला सेन्सर सिम्युलेटरलाही ‘नकली’ म्हणून नाकारू शकतो. सर्वांत लांबच्या काचेच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्याशी, पडद्यामागे धरून वाजवायचा. काही सिम्युलेटरमध्ये आणखी एक सोय असते: तुम्ही काचेवर गुबगुबीत काहीतरी लावून हलका ठोसा मारला की तो ठोका ओळखून लगेच खळखळाट वाजवतो, म्हणजे नेहमीच्या मोडमध्ये दोन्ही टप्पे तपासता येतात. ठोसा खरोखर हलका असू द्या. एकदा मी खरीच काच फोडली आहे, आणि हो, सेन्सर वाजला. घरावर बाहेरच्या केंद्राची देखरेख असेल तर चाचणीआधी त्यांना कळवा. वर्षातून एकदा, आणि पडदे, गालिचा किंवा मोठं फर्निचर बदललं की पुन्हा, एवढं पुरे.

या सेन्सरने काय होणार नाही, तेही सांगायला हवं. काच कटरने कापून, व्हॅक्यूम कपने धरून अलगद काढली तर ना ठोका, ना खळखळाट. खिडकीची कडी उचकटली तर काच शाबूतच राहते. आणि बरेच चोर काच फोडतच नाहीत, त्यांनाही आवाज नको असतो. ते पट्टी घालून सरकतं दार रुळावरून उचलतात. म्हणून उघडणाऱ्या प्रत्येक खिडकीला आणि दाराला चुंबकी कॉन्टॅक्ट आधी, मग ग्लास ब्रेक, आणि घर रिकामं असतानासाठी एखादा मोशन सेन्सर. कुणी फक्त ग्लास ब्रेकवर घर सोपवायचं म्हणत असेल तर मी ते काम घेत नाही.

तुमच्या घरासाठी मी असं करेन. हॉलमधल्या सरकत्या काचेसमोर ऐकणारा एक सेन्सर, १५ फुटांच्या आत, आणि दाराच्या सरकत्या पल्ल्याला कॉन्टॅक्ट. प्रत्येक बेडरूममध्ये स्वतंत्र ऐकणारा सेन्सर, कारण तिथली दारं रात्री बंद होणार. स्वयंपाकघरात ऐकणारा नकोच. काचेला चिकटणारा चांगल्या प्रतीचा लावा, काच स्पिरिटने पुसून, पूर्ण कोरडी करून, आणि कडेपासून थोडा आत, पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर. तिथे ऊन थेट येत असेल तर दोन-तीन महिन्यांनी बोटाने दाबून बघा, टेप सुटलेला असतो आणि सेन्सर केवळ सवयीने टिकून असतो. बाथरूमच्या लूव्हरला कोणताही ग्लास ब्रेक सेन्सर लावू नका. त्या पट्ट्या फोडाव्या लागतच नाहीत, धातूच्या कानातून एकेक सरकवून काढता येतात. तिथे आतून जाळी बसवा.

जुन्या वायरच्या सेन्सरचं म्हणाल तर उपटून फेकू नका. त्यांना वायरमधून वीज मिळते, बॅटरीची कटकट नाही, आणि पॅनेल बदललं तरी वायरच्या सेन्सरचे सिग्नल वायरलेस करून देणारे मॉड्यूल मिळतात. फक्त ते अजून ऐकतात का, हे सिम्युलेटरने पडदा ओढून बघा. ऐकत असतील तर हॉल आणि ती बेडरूम त्यांच्याकडेच राहू द्या, वाचलेल्या पैशांत स्वयंपाकघराचा सेन्सर येईल. आणि नवे बसवताना लगेच भिंतीला भोक पाडू नका. आधी आठ-दहा दिवस दुहेरी टेपवर तात्पुरते चिकटवा, सायरन बंद ठेवून पॅनेलची नोंद रोज बघा. कोणत्या वेळी कोणता सेन्सर उगाच जागा होतो ते त्या नोंदीत दिसेल. स्क्रू ड्रायव्हर नंतर काढा.